रुमाल सोडताना : खरेशास्त्र्यांचं दप्तर आणि खरेशास्त्र्यांची नाटकं

गेल्या अंकात पटवर्धनी कागदांबद्दल लिहिताना इतिहाससंशोधक आणि नाटककार वासुदेवशास्त्री खरे यांना मी दोन ओळींत उरकलं. ते वाचकांना रुचलेलं नाही. एका बाईंनी लिहिलंय, 'मिरजेच्या माणसाला दारातूनच वाटेला लावलंत, निदान आत तरी बोलवायचं.' कबूल. या महिन्याचं सगळं सदर शास्त्रीबुवांच्या नावे. बाकीच्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तरं देते.

प्रश्न : आजोळच्या कपाटात 'उग्रमंगल' नावाचं जुनं नाटक सापडलं. लेखक वासुदेवशास्त्री खरे. 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढणारे खरे ते हेच, की दोन वेगळी माणसं? (एक वाचक, चिपळूण)

एकच. तुम्ही एकटे गोंधळलेले नाही. मी नोकरीला लागले तेव्हा एका वाचनालयात नाटकांच्या खणातल्या कार्डावर एक 'खरे' होते आणि इतिहासाच्या खणात दुसरे. दोघांची गाठ पडायला मला चार वर्षं लागली, तीही एका जुन्या मासिकाच्या मृत्युलेखामुळे.

शास्त्रीबुवा मूळचे तुमच्या शेजारचे, गुहागरचे. जन्म ५ ऑगस्ट १८५८. साताऱ्याला अनंताचार्य गजेंद्रगडकरांच्या हाताखाली संस्कृत शिकले, तेही जुन्या पद्धतीनं, पाठांतर करकरून. पुढे पुण्यात आले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं होतं, तिथे त्यांनी काही काळ शिकवलं आणि टिळकांशी ओळख झाली ती कायमची. मग मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक झाले आणि तीस वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिले. ११ जून १९२४ ला गेले तेही मिरजेतच.

मिरजेत त्यांच्या हाती जे लागलं ते पटवर्धन सरदारांचं दप्तर. पटवर्धन म्हणजे पेशव्यांच्या दक्षिणेकडच्या फौजेचा कणा. हैदर, टिपू, निजाम, कोल्हापूरकर, इंग्रज, कुठलीही मोहीम घ्या, त्यात घरातला कुणीतरी आहेच. आणि घरातला कुणीतरी छावणीत असला की तो घरी पत्र लिहिणारच. दाणावैरण कशी मिळते, कोण आजारी, पुण्यात कुणाचं वजन वाढलं, कुणाचा हत्ती मेला. ही पत्रं शास्त्रीबुवांनी लावली, नकलून काढली आणि १८९७ पासून मासिकाच्या रूपानं छापायला घेतली. तोच 'ऐतिहासिक लेखसंग्रह'. हयातीत बारा भाग निघाले, पुढचं काम मुलानं चालू ठेवलं. शाळामास्तरच्या पगारात हे चाललं होतं, एवढं ध्यानात ठेवा. त्याशिवाय नाना फडणविसांचं चरित्र (१८९२), इचलकरंजी संस्थानचा इतिहास, 'मालोजी व शहाजी', आणि 'यशवंतराव' नावाचं एक महाकाव्य.

आता नाटकं. 'गुणोत्कर्ष' हे तरुणपणचं. त्यानंतर मोठी सामसूम, ती थेट १९१४ च्या 'तारामंडळ'पर्यंत. मग मात्र 'चित्रवंचना', 'कृष्णकांचन', 'शिवसंभव', 'उग्रमंगल' अशी रांगच लागली. 'देशकंटक' तर त्यांच्या पश्चात छापलं गेलं. मधली ती तीसेक वर्षं मला फार बोलकी वाटतात. तेवढा काळ हा माणूस दुसऱ्यांची वाक्यं उतरवून घेत होता.

प्रश्न : आमच्या घरी मोडी पत्रांचं एक गाठोडं आहे. वाचून घेतली, पण बऱ्याच पत्रांवर सालच नाही! नुसतं 'छ ८' आणि महिना. खरेशास्त्र्यांनी अशी हजारो पत्रं कालक्रमानं लावली म्हणता, ती कशी? (एक वाचक, वाई)

या प्रश्नासाठी मी जागा राखून ठेवली होती.

पेशवाईतल्या माणसाला पत्रावर साल घालायची गरज वाटत नसे. पत्र आठ दिवसांत पोचणार, वाचणाऱ्याला साल ठाऊकच आहे. त्यामुळे पत्राच्या शेवटी असतो तो 'चंद्र', म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. 'छ' हे त्याचंच आखूड रूप. सरकारी कागद असेल तर सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दरबारी कालगणनेतलं साल, मिळतो, पण तो आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो आणि उलटा असतो. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार. बेरीज ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६.

इथे माझी एक फजिती सांगते. एका घरी असाच कागद वाचून मी ऐटीत '१७७६, वैशाख' असं सांगून आले. त्यांनी ते चौकटीत घालून भिंतीवरही लावलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, सुहूर सन मृगाला बदलतो, जूनमध्ये! म्हणजे ११७७ चा वैशाख हा १७७७ सालातला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. चौकट काही त्यांनी बदलली नाही. अजून तशीच आहे, मी त्या घरी गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

आता तुमची सन नसलेली पत्रं. मुसलमानी वर्ष निव्वळ चांद्र, ३५४ दिवसांचं. आपलंही चांद्र, पण आपण अधूनमधून अधिक महिना घालून त्याला ऋतूंशी बांधून ठेवतो. ते तसं करत नाहीत. त्यामुळे दोन्ही पंचांगांचे महिने काही काळ जोडीनं चालतात आणि अधिक मास आला की जोडी एका घरानं सरकते. समजा पत्रात लिहिलंय, 'छ ८ साबान, उदयिक दसरा', म्हणजे आज शाबान महिन्याची आठ तारीख, उद्या दसरा. मुसलमानी महिना चंद्र दिसल्यावर, बहुधा द्वितीयेला, सुरू होतो. म्हणून चंद्र ८ ला नवमी आणि दुसऱ्या दिवशी दशमी, म्हणजे तिथी तर जुळली. आता साबानात दसरा कोणकोणत्या वर्षी आला ते पाहायचं. तो सलग दोन-तीन वर्षं येतो, मग तीसेक वर्षं येत नाही. अख्ख्या शतकातून तुमच्या हाती दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे तीन झुबके उरले. वार लिहिलेला असेल तर आणखी गाळणी लागते. मग मजकूर वाचायचा. 'श्रीमंत' म्हणजे कोणते श्रीमंत, माधवराव की रघुनाथराव? अमक्याला मुलगा झाल्याची बातमी आहे का? एखादा किल्ला घेतला म्हटलंय का? असं करत करत एक साल उरतं.

हे एका पत्राचं झालं. आता डोळ्यांसमोर आणा, शाळा सुटल्यावर घरी आलेला एक संस्कृतचा मास्तर, समोर कागद बांधायचा रुमाल सोडलेला, आणि हे गणित दर पत्राला. मी स्वतः एका बैठकीत सहा-सात पत्रांपलीकडे जाऊ शकत नाही. मोडीत शब्द तोडलेले नसतात, आधी ओळ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची, बोरू उचलायचा तो शाई संपली की. इ-ई, उ-ऊ यांतला ऱ्हस्वदीर्घ भेद नाही. म्हणून माझे मोडीचे गुरुजी आम्हाला मोठ्यानं वाचायला लावत. डोळा जिथे अडतो तिथे कान सोडवतो. काही कागदांवर शाई टिपायला टाकलेली वाळू अजून चिकटलेली असते. दिव्याखाली धरलं की चमकते. वाचून झाल्यावर मांडीवर पडलेले ते चार कण झटकायला माझा हात धजत नाही. अर्थात हा माझा हळवेपणा, संशोधनाशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : 'हरिवंशाची बखर' ही खऱ्यांनी छापली असं वाचलं. ते पौराणिक विषयाकडे कसे काय वळले? (एक वाचक, लातूर)

वळले नाहीत! हा हरी म्हणजे हरभट पटवर्धन, कोकणातल्या कोतवड्याचे, इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांच्या मुलांनी भिक्षुकी सोडून तलवार धरली आणि त्या वंशाची ती बखर. तुम्ही पुराण समजून मागवली नसलीत म्हणजे मिळवली.

प्रश्न : परशुरामभाऊ पटवर्धनांवर एकांकिका लिहितोय. काही मित्र म्हणतात, पत्रात आहे तेवढंच दाखव. काही म्हणतात, नाटक आहे, मोकळा सुट. खरे स्वतः दोन्ही करत होते, ते कुठे थांबायचे? (एक वाचक, कोल्हापूर)

'लेखसंग्रह' उघडून पाहिलात तर उत्तर तिथेच दिसेल. शास्त्रीबुवा पत्रांचा गठ्ठा वाचकाच्या अंगावर टाकत नाहीत. एखाद्या मोहिमेची पत्रं सुरू होण्याआधी हकिकत सांगतात. कोण कुठे होता, कशामुळे बिनसलं, फौज कुठल्या वाटेनं निघाली. मग बाजूला होतात आणि पत्रं बोलू लागतात. मला तर तिथे सूत्रधारच दिसतो. नांदी झाली, प्रसंग सांगितला, हा आत गेला. त्यांचे समकालीन इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या प्रस्तावना आठवा. त्या स्वतंत्र ग्रंथच, विद्वत्तेचा धबधबा, मूळ पत्र कुठे राहिलं ते कळू नये. राजवाडे मला प्रिय आहेत, पण पत्र वाचायला बसते तेव्हा मी खऱ्यांचा भाग काढते. रियासतकार सरदेसाईंनीही उत्तर पेशवाई लिहिताना या संग्रहावर केवढी भिस्त ठेवलीय ते रियासतीच्या तळटीपा चाळल्या की कळतं.

म्हणजे नाटककार संपादकाच्या कामात आला तो मांडणीपुरता. कुणाच्या तोंडी नसलेलं वाक्य संग्रहात आलं नाही. नसलेली वाक्यं लिहायची जागा त्यांनी वेगळी केली, तिला नाटक असं नाव दिलं आणि तिकीट लावलं.

'शिवसंभव' हे नाटक आणि 'मालोजी व शहाजी' हे पुस्तक ही दोन्ही साधारण एकाच सुमाराची. नावातच पाहा, 'कुमारसंभव' शिकवणाऱ्या माणसाशिवाय हे नाव कुणाला सुचणार? तर एकाच घराण्याचे, एकाच काळाचे दोन विषय एका मेजावर. जिजाबाई आणि शहाजी यांच्या रंगपंचमीची गोष्ट घ्या, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. ती येते बखरींतून. इतिहासकाराला विचारावं लागतं, ही बखर लिहिली कधी आणि लिहिणाऱ्याला सांगितलं कुणी? नाटककार विचारतो, पहिली मूठ कुणी उधळली? दोन्ही प्रश्न चोख आहेत. पहिल्याचं उत्तर देताना दुसरा मनात आला तर घात होतो, एवढंच.

आता तुमचे परशुरामभाऊ. तुम्ही खर्ड्याची लढाई घेतली असणार, सगळे तीच घेतात. मार्च १७९५, निजामाचा पराभव, भाऊ सेनापती, टाळ्या. माझं ऐकाल तर खर्डा पडद्यामागे ठेवा आणि पुढचं दीड वर्ष घ्या. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. पाठीमागे मूल नाही. बाजीराव नको म्हणून नाना फडणवीस आणि भाऊ एक झाले. मग डाव फिरला, नाना पुणं सोडून महाडला गेले, आणि भाऊंनी शिंद्यांच्या बाळोबा तात्यांशी हातमिळवणी करून बाजीरावाचाच धाकटा भाऊ चिमाजी याला यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक दिला. ती स्वतः पोरवयाची विधवा, आणि दत्तक मुलगा नात्यानं तिचा चुलत सासरा! हा प्रसंग कुठल्याही नाटककारानं रचला असता तर आपण म्हटलं असतं, अति झालं. महाडला बसून नानांनी उलटी सूत्रं हलवली, डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव गादीवर आणि भाऊ कैदेत. १७९९ मध्ये तेच भाऊ कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला पडले. म्हणजे तुमच्याच गावाशी लढताना, तेव्हा प्रयोग जपून करा.

या सगळ्यात नाना आणि भाऊ खोलीत समोरासमोर बसून काय बोलले? ते पत्रात नाही. पत्र हे नेहमी कुणाला तरी लिहिलेलं असतं आणि लिहिणारा काय लपवायचं ते ठरवूनच बोरू उचलतो. तिथे तुम्ही लिहा, मोकळेपणानं लिहा. पण कोण कधी कुठे होतं ते बदलू नका. नानांना तुमच्या सोयीसाठी महाडाहून पुण्यात आणलंत की नाटक तिथेच संपलं, कारण त्यांचं पुण्यात नसणं हेच नाटक आहे.

आणि भाषा. कृपा करून पात्रांना पत्रासारखं बोलायला लावू नका. 'विज्ञापना ऐसीजे', 'सेवेसी श्रुत होय', 'बहुत काय लिहिणें' हे कागदावरचे मायने आहेत. एका शाळेच्या नाटकात मी सरदाराला आपल्या बायकोला 'विज्ञापना ऐसीजे, पाणी आणणें' म्हणताना ऐकलं आहे. ती बिचारी पाणी घेऊनही आली. मायने वगळून पत्राच्या पोटातला मजकूर वाचा. वैतागलेला, तुटक, मधेच रुपयांचा हिशेब घालणारा. बोलणं तिथे सापडेल.

प्रश्न : मागच्या अंकात आपण मराठी रंगभूमीचा जन्म मिरजेत झाल्याचं सुचवलं आहे. ही चूक आहे की मिरजप्रेम? (एक वाचक, सांगली)

दोन्ही. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' ५ नोव्हेंबर १८४३ ला झालं ते सांगलीतच. क्षमा असावी.

पण चुकीतून एक गोष्ट आठवली. भाव्यांना नाटक कर म्हणणारे सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब हे पटवर्धनच. मिरजेच्या काकांशी पटेना म्हणून १८०१ मध्ये वाटणी करून त्यांनी सांगली वेगळी केली. म्हणजे ज्या घराच्या पत्रव्यवहारात खरेशास्त्री उभा जन्म बुडाले होते, त्याच घरातून मराठी नाटकाला पहिला आश्रय मिळाला. वाटणीचे कागद आणि नाटकाचा पडदा एकाच गोतावळ्यातले. तेव्हा माझी चूक दहाएक किलोमीटरची आहे, घराण्याची नाही. (हे समर्थन नाही हो, नुसती चुळबुळ.)

प्रश्न : खऱ्यांची नाटकं चांगली होती का? स्पष्ट सांगा. (एक वाचक, पुणे)

स्पष्ट सांगते. वाचायला आज जड जातात. संस्कृतचा मास्तर मधूनच समासासकट रंगमंचावर येतो. पण ती वाचण्यासाठी नव्हतीच, गाण्यासाठी होती. बळवंत संगीत मंडळीनं 'उग्रमंगल' केलं, त्यात मास्टर दीनानाथ पद्मावती करत. त्यांचं गाणं आणि त्या भूमिकेतलं नृत्य यासाठी लोक पुन्हा पुन्हा जात. तो प्रयोग पाहिलेली माणसं आता नाहीत आणि संहितेच्या पानावर दीनानाथ नाहीत. उरतात ते समास.

संग्रहाचं तसं झालं नाही. बारा भागांतलं एखादं पत्र आजही कुणी ना कुणी दर महिन्याला कुठेतरी उद्धृत करतं, बहुतेक वेळा शास्त्रीबुवांचं नाव न घेता. पैकी तीन जणांना मी पोस्टकार्ड टाकलं आहे. एकाचं उत्तर आलं.

प्रश्न : पत्रं वाचून झाली, आता ती ठेवायची कशी? प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आहेत. (वाईचेच वाचक, वेगळ्या पाकिटातून)

आधी पिशवीतून काढा! आज, हा अंक खाली ठेवून. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. टाचण्या, स्टेपल, रबर काढून टाका, लोखंड गंजून कागद खातं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी अजिबात नको, ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि अक्षरासकट निघते. धुवून वाळवलेलं जुनं सुती कापड घ्या, मांजरपाट असलं तर उत्तम, खळ पूर्ण गेलेली हवी, कारण कसरीला खळ आवडते. कागद ज्या घड्यांत होते त्याच घड्यांत राहू द्या, उलट्या घड्या घालू नका. प्रत्येक पत्राचा आधी फोटो काढा आणि कुठलं पत्र कुठल्यानंतर होतं ते वहीत लिहा. सन नसलेल्या पत्राला पुष्कळदा शेजारचं पत्रच साल सांगतं. मग रुमाल बांधा, गाठ सैल. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की, सावलीत उघडून ठेवा. आणि ते 'छ ८' वालं पत्र आहे त्याचा फोटो मला पाठवा, वार दिसतोय का बघू.